अंगणातली भुतं कुणासाठी?

ताई, नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते. वय ४१, नोकरी करते. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी हॅलोविनला अंगणात सजावट करायला लागले. आधी दुकानातून आणायचे, मग घरीच बनवायला लागले आणि त्यातच रमले. मुलगी आता १३ वर्षांची आहे. ‘आई, बस ना आता,’ म्हणते. मागच्या वर्षी सगळंच बिघडलं. थर्माकोलचं थडगं स्प्रे पेंट मारताच विरघळलं. चादरीचं भूत वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन पडलं. आणि पलीकडच्या घरातला चार वर्षांचा मुलगा आमच्या दारापर्यंत येता येता रडत मागे फिरला. समोरच्या घरी १२ फुटी सांगाडा उभा असतो, सगळे फोटो तिथेच काढतात. सासूबाई पुण्याहून सप्टेंबरात येतील त्या दिवाळी करूनच जातील. त्यांनी फोनवरच सांगितलंय, ‘सणासुदीच्या तोंडावर दारात थडगी मांडू नकोस.’ नवरा मध्ये पडत नाही. माझं माहेर गोव्यातलं, फोंड्याचं. लहानपणी वाड्यावरचे मुलगे रात्र रात्र जागून नरकासुराचा पुतळा करायचे ते फार आठवतं. आम्हा मुलींना लांबून बघायची परवानगी होती. या वयात अशा छंदात वेळ घालवणं बरोबर आहे का? थांबू का? आणि थांबायचं नसेल तर नीट कसं करायचं, तेही सांगा.

— एक वाचक, न्यू जर्सी

प्रिय वाचक,

तू नाव लिहिलं नाहीस, म्हणून नुसतं ‘तू’ म्हणते. वयाने मोठी आहे, चालवून घे.

प्रश्न तू पत्राच्या शेवटी विचारलास, पण त्याचं उत्तर त्याच्या दोन ओळी आधी तूच लिहून ठेवलं आहेस. मुलींना लांबून बघायची परवानगी होती. हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ तशीच बसले. सहा वर्षं तू घरात सगळ्यांना सांगत आलीस की हे मुलीसाठी चाललंय. बहुतेक स्वतःलाही तेच सांगितलंस. मुलगी बाजूला झाली आणि कारणच संपल्यासारखं वाटायला लागलं. पण गॅरेजात रात्री अकरापर्यंत फोम कापत बसलेली बाई तेरा वर्षांच्या मुलीसाठी बसलेली नसते. तुझ्या हाताला लहानपणी जे मिळालं नाही, ते तू आता करते आहेस. ते करण्यासाठी लहान मूल घरात असायची गरज नाही.

एका दिवाळीला मी गोव्यात म्हापशाला नात्यातल्या घरी होते. नरक चतुर्दशीची आदली रात्र. नाक्यावर बांबूचा सांगाडा उभा, त्यात सुकं गवत कोंबलेलं, वरून रद्दी कागद चिकटवलेला. मुखवटा चढवायचा राहिला होता. एक पोरगा खाली उकिडवा बसून बॅटरीचा उजेड हनुवटीकडून वर मारत होता. दुसरा रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता आणि तिथून ओरडून सांगत होता, ‘भुवया जाड कर, हांगासून दिसना!’ पहाटे तो नरकासुर जळणार होता. चार तासांचं त्याचं आयुष्य, आणि त्यासाठी दोघं भुवईवर वाद घालत होते. अंगणातल्या सजावटीचं जवळपास सगळं शास्त्र त्या दोघांना ठाऊक होतं. अंधारात दिसायला हवं, लांबून दिसायला हवं, आणि उजेड खालून हवा. मी इथे ओहायोत तेवीस वर्षं हॅलोविनची थडगी, भुतं, कवट्या बनवते आहे. ती रात्र मला दर वर्षी उपयोगी पडते.

तेव्हा थांबू नकोस. वयाचं म्हणशील, तर या देशात ज्यांना ‘होम हाँटर’ म्हणतात ती घरच्या अंगणात हे करणारी माणसं तुझ्या-माझ्याच वयाची असतात. सुतार, नर्सा, शाळामास्तर, निवृत्त आजोबा. जानेवारीत कागदावर चित्र काढतात, उन्हाळ्यात बनवतात, ऑक्टोबरात मांडतात.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नाही. थडगं दारात नको वाटणं हे आपल्या संस्कारात खोल आहे, आणि त्या दिवाळीपर्यंत त्याच दारातून ये-जा करणार आहेत. पण त्यांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हॅलोविनचं मूळ आयर्लंडकडचं. सुगी सरून थंडी लागायची ती रात्र, तिला तिकडे साविन म्हणतात. त्या रात्री मेलेल्यांची ये-जा असते असा समज होता. नको ते दाराशी येऊ नये म्हणून लोक सलगम कोरून त्याला भयानक तोंड करायचे आणि आत दिवा ठेवायचे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिचं ते वाळकं, दात विचकलेलं तोंड पाहिलं की आजच्या गुबगुबीत भोपळ्यांची आठवणही होत नाही. आयरिश माणसं अमेरिकेत आली तेव्हा इथे त्यांना भोपळा मिळाला, तो मोठाही होता आणि कोरायला सोपाही. म्हणजे दारातलं भेसूर तोंड हे वाईटाला बोलावण्यासाठी नव्हतं, घालवण्यासाठी होतं. पुण्यातही नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतात आणि दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात. सासूबाईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. नुसतं कानावर घाल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना तारखा दे. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी हॅलोविनच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली होती. सकाळी उटणं, संध्याकाळी दारोदार येणाऱ्या मुलांना चॉकलेटं वाटायची. त्या वर्षी आमच्या घरातही कुरबूर झाली. यंदा, २०२६ साली, अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबली आहे. दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. सासूबाईंना सांग की नवरात्रात अंगणात काहीही लावणार नाही. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की २४ तारखेच्या शनिवारी मांडेन आणि १ नोव्हेंबरच्या रविवारी दुपारपर्यंत सगळं गॅरेजात गेलेलं असेल. त्यानंतर दिवाळीभर अंगण त्यांचं. आणि उंबरठ्यापासून पहिल्या आठ-दहा फुटांत थडगं, कवटी, हाडूक काही नको. तिथे भोपळे आणि दिवे ठेव. यात तुझंही नुकसान नाही, ते कसं ते पुढे सांगते. परवानगी मात्र मागू नकोस. घर तुझंही आहे. कधी काय होणार ते स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांचा निम्मा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

मुलीचं फारसं मनावर घेऊ नकोस. तेराव्या वर्षी आईच्या कुठल्याच गोष्टीचा अभिमान वाटत नाही. तिला मदतीला बोलावू नकोस, गळ घालू नकोस. आवाज कुठला लावायचा एवढंच एकदा विचार आणि ती जे देईल ते लाव.

आता थडग्याकडे येऊ, कारण तिथे तुझं पहिलं मन मोडलं. माझंही पहिलं थडगं असंच गेलं. स्प्रेचा डबा हलवला, फवारा मारला, आणि बघता बघता पृष्ठभागाला खड्डे पडून कडा आत ओढल्या गेल्या, लोणी वितळावं तशा. चूक रंगाची नव्हती. थर्माकोल काय आणि इथल्या दुकानात मिळणारा गुलाबी किंवा निळा फोम काय, दोन्ही पॉलिस्टायरीनच. स्प्रे पेंटमधलं द्रावण त्याला विरघळवतं. म्हणून फोमवर पहिला हात नेहमी पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा, भिंतीला देतात त्या लॅटेक्स पेंटचा. तो नीट सुकून फोम पूर्ण झाकला गेला की मग वरून काय हवं ते.

थर्माकोल मात्र सोड. गणपतीच्या मखरांमुळे आपल्या हाताला त्याची सवय आहे, पण त्याचे दाणे सुटतात, कापताना कच गॅरेजभर उडतो आणि थडग्याची कड दगडासारखी दिसत नाही. घरांच्या भिंतींना उष्णतारोधक म्हणून लावतात तो गुलाबी फोम घे, २ इंच जाडीचा. ८ फूट बाय ४ फुटांची शीट मिळते. तिच्यातून २ फूट रुंद आणि ३२ इंच उंच अशी सहा थडगी बरोबर निघतात, वाया काही जात नाही. सहाच्या सहा यंदा करू नकोस. तीन कर आणि जीव ओतून कर.

आकार आधी कागदावर काढ आणि खऱ्या दफनभूमीत एक चक्कर मारून ये. मी सुरुवातीला मनाने काढत होते, सगळी एकसारखी, वर गोल आणि खाली चौकोन. मग एकदा गावाबाहेरच्या जुन्या चर्चच्या आवारात गेले आणि लक्षात आलं की जुना दगड झिजतो तो वरच्या कडेने आणि कोपऱ्यांवर. त्याला शेवाळ धरतं ते खाली आणि अक्षरांच्या खोबणीत. पावसाचे ओघळ नेहमी उभेच येतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की हात आपोआप बरोबर चालतो.

अक्षरं कागदावर मोठी छापून घे, फोमवर टाचण्यांनी लाव आणि रेषेवरून टोच्याने ठिपके पाड. कागद काढला की ठिपक्यांची रांगोळी उरते. मग धारदार पात्याने रेषेच्या दोन्ही बाजूंनी तिरका काप द्यायचा म्हणजे मधली फोमची चिरी अलगद सुटून येते आणि इंग्रजी व्हीच्या आकाराची खोबण तयार होते. अर्धा इंच तरी खोल जा. उथळ अक्षर रात्री दिसतच नाही. पातं बोथट झालं की फोम फाटतो, म्हणून दर अक्षरानंतर पातं मोडून नवं कर. तापत्या तारेची कटरं मिळतात आणि ती गोल आकारांना छान चालतात, पण त्या धुराने डोकं चढतं आणि तो धूर चांगला नाही. तार वापरणार असशील तर बाहेर अंगणात बस. थडग्यावर शेजाऱ्यांची नावं घालू नकोस, गमतीनेही नाही. कुणाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

रंगाचं सांगते, कारण सगळी जादू त्यात आहे. आधी पूर्ण थडग्याला गडद राखाडी, जवळजवळ काळा. बेसमेंटच्या भिंतींना ओल येऊ नये म्हणून लावतात तो ड्रायलॉक मिळाला तर त्यात गडद रंग कालवून तोच दे. त्याला मुळातच बारीक वाळूसारखा रवा असतो, दगडाचा खरखरीतपणा आयता येतो आणि फोमही झाकला जातो. तो सुकला की फिका राखाडी घे. ब्रश त्यात जेमतेम बुडव आणि जुन्या वर्तमानपत्रावर पुसत राहा, कागदावर रंग उमटेनासा होईपर्यंत. वाटेल की आता ब्रशात काही उरलंच नाही. तेव्हाच तो थडग्यावरून हलक्या हाताने फिरव. उंचवट्यांवर तेवढा रंग धरतो, खोबणी काळ्याच राहतात. माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर दर वर्षी तो क्षण येतो. दोन मिनिटांपूर्वी रंगवलेला फोम होता, आणि आता दगड आहे. शेवटी काळा रंग भरपूर पाण्यात पातळ करून फवारणीच्या बाटलीतून वरच्या कडेवर मार आणि त्याचा तो वाहू दे. ओघळ आपणहून बरोबर जागी जातात. पायथ्याशी स्पंजने थोडा हिरवा टिपकागदासारखा टेकव, शेवाळ झालं.

थडगं फक्त जमिनीत खोचून राहत नाही. मागच्या बाजूला फोममध्ये दोन उभ्या खाचा करून त्यांत अर्ध्या इंचाचे पीव्हीसी पाइप बसव, फोमला चालणाऱ्या गोंदाने. अंगणात दोन फुटी लोखंडी सळया फूटभर ठोक आणि पाइप त्यांवर सरकव. वारा आला तरी हलत नाही आणि आवरताना नुसतं वर उचललं की झालं. सळई ठोकायच्या काही दिवस आधी ८११ ला फोन कर. ते गॅस, वीज, केबलच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात. स्प्रिंकलरचे पाइप मात्र त्यांच्या हिशेबात नसतात, ते आपले आपण लक्षात ठेवायचे. आणि थडगी उचलली की सळया त्याच वेळी उपट, गवतात उभ्या राहिल्या तर कुणाच्या तरी पायात जातील.

चादरीचं भूत उडालं त्यात नवल नाही. चादर म्हणजे शीड. कोकणातली तू, तुला हे सांगायला नको. भुताला वारा आरपार जाऊ देणारं कापड हवं. चीजक्लॉथ नावाचं विरळ जाळीदार कापड मिळतं, ते घे. हाताने ओढून त्याला वेडीवाकडी भोकं पाड, कडा पिंजून काढ. आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून खांदे आणि डोकं कर, खाली काही नको, कापड लोंबू दे. तो सांगाडा झाडाच्या फांदीला नव्हे, जमिनीतल्या पाइपला बांध. कापड कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून न खळबळता वाळवलंस तर ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, निळसर चमकतं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणात जे द्रव्य घालतात त्याचा तो गुण.

पुढच्या वर्षी जरा जड काही करावंसं वाटलं तर एक कृती देऊन ठेवते. ड्रायवॉलच्या, म्हणजे इथल्या जिप्समच्या भिंतींच्या, सांध्यांना भरतात ते जॉइंट कंपाउंड पाच भाग आणि लॅटेक्स पेंट एक भाग असं कालवायचं. हाँटर लोक याला ‘मॉन्स्टर मड’ म्हणतात. गोणपाट त्यात बुडवून, निथळून लाकडी चौकटीवर पांघरायचं आणि हाताने चुण्या पाडायच्या. दोन दिवसांनी ते झग्याच्या आकारात कडक होतं. चौकट डुगडुगली तर तडे जातात आणि भर पावसात ठेवलं तर मऊ पडतं, म्हणून वरून बाहेरचा रंग नीट दे आणि पडवीत ठेव. दिवाळीच्या किल्ल्यावर गोणपाटाचे डोंगर केलेल्या माणसाला हे पहिल्या झटक्यात जमतं.

आता उजेड. इथेच बहुतेकांचं अंगण फसतं, आणि इथेच तुझी त्या १२ फुटी सांगाड्याशी तुलना संपेल. तो सांगाडा होम डेपोने २०२० साली २९९ डॉलरला आणला आणि देशभर अंगणात उभा राहिला. आहेच तो भव्य, फोटो निघणारच. पण तो विकतचा आहे, ज्याच्या त्याच्या अंगणात तोच आहे, आणि त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं. माणूस दचकतो तो डोळ्यांच्या रेषेतल्या किंवा त्याहून खालच्या गोष्टीला. तू उंचीच्या मागे लागू नकोस.

सगळ्या अंगणावर मोठा पांढरा झोत टाकलास की फोम फोम दिसतो आणि पाइप पाइप दिसतो. त्याऐवजी प्रत्येक वस्तूला एकेक छोटा एलईडी दिवा दे, जमिनीलगत, एका बाजूने. समोरून मारलेल्या उजेडात सावली पडत नाही. बाजूने मारला की तू कोरलेलं प्रत्येक अक्षर उठून येतं. अंगणभर मंद निळा ठेव, आणि जे एक ठिकाण बघायला लावायचं आहे तिथेच हिरवा किंवा केशरी. बाकी अंधार राहू दे. जे दिसत नाही ते बघणारा स्वतः भरून काढतो. आणि त्या म्हापशाच्या पोरासारखी रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि तिथून बघ. २४ तारखेला मांडून झालं की त्याच रात्री हे कर म्हणजे सुधारायला आठवडा मिळेल. वायरी बाहेर वापरायच्याच घे, जीएफसीआयच्या, म्हणजे ओल लागून वीज गळली तर आपोआप बंद होणाऱ्या, प्लगला जोड आणि एकही वायर चालायच्या वाटेवरून नेऊ नकोस. धुराचं यंत्र यंदा नको. वारा असला की धूर शेजाऱ्याकडे जातो आणि दम्याच्या मुलांना त्रास होतो.

आता त्या चार वर्षांच्या मुलाकडे येते. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं हेच. थडगं वितळलं तर दुसरं होतं. मूल रडत मागे फिरलं, तर त्याची वर्षातली एक रात्र गेली, आणि आपण ती घालवली. माझ्याकडेही एका वर्षी असंच झालं होतं. पायरीपाशी मी एक हात हलवणारं प्रेत बसवलं होतं. फुलपाखराचे पंख लावून आलेली एक चिमुरडी फुटपाथवरच थिजली. तिची आई तिला ‘ते खोटं आहे गं’ असं समजावत होती आणि ती मान हलवत मागे मागे सरकत होती. मी चॉकलेटांचं भांडं घेऊन धावत बाहेर गेले, पण तोवर त्या निघाल्या होत्या. त्या दिवसापासून माझा नियम आहे. भीती रस्त्याकडे, माया दाराकडे. फुटपाथवरून अंगणाकडे बघितलं की थडगी, भूत, काळोख दिसू दे. पण पाऊलवाटेला लागलं की दोन्ही बाजूंना हसऱ्या तोंडाचे भोपळे, उबदार पिवळा उजेड आणि मोकळी, सपाट वाट. दारावरचा दिवा चालू ठेव, कारण इथली मुलं तो बघूनच ठरवतात की या घरी जायचं की नाही. हवं तर त्यात केशरी बल्ब लाव. सासूबाईंसाठी सोडलेले ते आठ-दहा फूट हेच. मोठी मुलं लांबून मजा घेतील, लहान मुलं न घाबरता दारापर्यंत येतील. अचानक उसळणारी किंवा किंचाळणारी वस्तू वाटेच्या कडेला कधीच नको.

त्या मुलाच्या आईला ऑक्टोबरच्या मध्यात भेट आणि मुलाला दिवसाउजेडी गॅरेजात घेऊन ये. थडग्यावर टिचकी मारू दे, उचलू दे. एवढं मोठं थडगं एका हाताने उचललं जातं हे कळलं की त्याची भीती जाते. एखाद्या थडग्याला रंग द्यायला त्याच्या हातात ब्रश दिलास तर उत्तमच.

भोपळे चार-पाच दिवस आधीच कोर, त्याआधी कोरलेले सडतात. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा ठेव. पोरांचे झगे लोळत असतात. एका भोपळ्याला निळसर हिरवा रंग देऊन शेजारी छोटी खेळणी ठेवलीस तर शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असलेल्या मुलांना कळतं की आपल्यालाही इथे काही मिळेल. ही पद्धत २०१४ पासून देशभर रुजली आहे.

दोन गोष्टी करू नकोस. झुडपांवर पसरायची ती पांढरी कोळिष्टकं विकत आणू नकोस. त्यांत चिमण्या, वटवाघळं, घुबडं अडकतात आणि सकाळपर्यंत मरतात. जाळं हवंच असेल तर कपडे वाळत घालायच्या जाड दोरीचं विण, पाखरांना ते दिसतं. आणि झाडाला फास लावून काहीही टांगू नकोस, मग ते बुजगावणं असो की सांगाडा. आपल्याला ती नुसती भुताची कल्पना वाटते, कारण आपण बाहेरून आलो. या देशात जमावाने काळ्या माणसांना झाडांना लटकवून मारलं आहे आणि त्यांची नातवंडं आपल्याच गल्लीत राहतात. म्हणूनच वर सांगितलं, भूत फांदीला नको.

वसाहतीची सोसायटी असेल तर किती दिवस आधी मांडता येतं आणि किती दिवसांत आवरायचं ते तिच्या नियमांत एकदा बघून घे. १ नोव्हेंबरला आवरून झालं की दुकानात एक फेरी मार. प्लास्टिकचे सांगाडे त्या दिवशी निम्म्या किमतीच्या आसपास येतात. दोन आणून ठेव, हिवाळ्यात त्यांचं काय करायचं ते मी सांगेन.

आत्ता जुलै आहे, हीच वेळ. गोंद, रंग सगळं उन्हात झटपट सुकतं. या शनिवारी सकाळी फोमची शीट आणायला जा. आठ फुटांची शीट तुझ्या गाडीत मावणार नाही, म्हणून धारदार पातं आणि एक लांब पट्टी बरोबर ने. पार्किंगमध्येच दर ३२ इंचांवर खाच पाड, गुडघ्यावर टेकवून दाब, सरळ रेषेत मोडते. तीन तुकडे मागच्या सीटवर आडवे बसतील.